मी थांबते, पण सांगा तरी!

संगणकाला काय काय येतं याचं कौतुक आता पुष्कळ झालं. एक साधी गोष्ट मात्र त्याला अजून धड जमत नाही: आपण कामात आहोत आणि समोरच्याने जरा थांबावं, हे वेळेवर सांगणं.

‘जतन करा’ या बटणावर मी क्लिक करते. बटण दाबल्यासारखं दिसतं आणि तसंच दबलेलं राहतं. पुढे काही नाही. वाळूचं घड्याळ नाही, गोल फिरणारं कडं नाही, ‘थांबा’ अशी पाटी नाही. मी वाट बघते. म्हणजे माझ्या मते वाट बघते. शेजारी बसणाऱ्यांच्या मते मी एक श्वास घेते आणि पुन्हा क्लिक करते. या खेपेला जरा जोरात. जोरात दाबल्याने काम लवकर होतं असं माझं मत नाही, माझ्या बोटाचं आहे. मग मी बाण इकडेतिकडे फिरवून बघते. बाण छान हलतो, आणि खरी फसवणूक तिथेच आहे. बाण हलवायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. त्यासाठी प्रोग्रॅम शुद्धीवर असायची गरज नसते. पण हे मला कोण सांगणार? बाण हलतोय म्हणजे धुगधुगी आहे, अशी समजूत करून घेऊन मी एंटर दाबते, मग स्पेस, मग एस्केप, आणि त्यानंतर बोटाखाली येईल ते.

माझा भाचा याच धंद्यात आहे. त्याच्याकडे तक्रार केली.

“मावशी, तू मधल्या वेळात क्लिक करत होतीस का?”

“केला असेल एखादा.”

“ते सगळे त्याने घेतलेत.”

“मग दाखवलं का नाही तसं?”

“घेतलेत म्हणजे रांगेत ठेवलेत. हातातलं संपलं की बघेल.”

त्याने मग मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बहुतेक प्रोग्रॅममध्ये पडदा सांभाळायला एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, असतो. एखाद्या कचेरीत एकच कारकून असावा तसा. तोच खिडकीवर बसून अर्ज घेणार, तोच पाटीवर खडूने लिहिणार, आणि तोच मागच्या दप्तरखान्यात जाऊन फाइल शोधणार. तो मागे गेला की खिडकीवर कोणी नाही, पण खिडकीची फट उघडीच. लोक चिठ्ठ्या आत सरकवत राहतात. परत आला की हा गृहस्थ सगळ्या चिठ्ठ्या, एकही न गाळता, आल्या त्या क्रमाने निकाली काढतो. चिठ्ठी विचार करून टाकली होती की वैतागून, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

आता या इमानदारीचे परिणाम ऐका. कचेरीतल्या प्रोग्रॅममध्ये मी प्रवासखर्चाचं बिल सादर केलं. प्रोग्रॅम मुका. मी माझ्या पद्धतीने त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला. शेवटी त्याला कंठ फुटला, आणि तेच बिल त्याने इतक्या वेळा सादर केलं की हिशेबनीसांनी मला बोलावून घेतलं. “ताई, तुम्ही त्या दिवशी त्याच गावाला पुन्हा पुन्हा जाऊन येत होता का?” त्यांनी अतिशय आदराने विचारलं. त्या आदरापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

एंटरचा प्रकार याहून भयंकर. पडदा गोठलेला असताना दाबलेले एंटर रांगेत उभे असतात. पडदा जागा होतो, एक चौकट उघडते आणि मिटते. एवढंच दिसतं. तिच्यात काहीतरी प्रश्न होता. शेवटी प्रश्नचिन्ह होतं एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. रांगेतल्या पहिल्या एंटरने माझ्या वतीने ‘होय’ म्हणून टाकलेलं असतं. कशाला होय म्हटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून काही हरवलं की मला वाटतं, हेच विचारत होता वाटतं तो.

विंडोजने या मुकेपणावर एक तोड काढली आहे. प्रोग्रॅमच्या पडद्यावरच्या खिडकीने 5 सेकंद एकही संदेश उचलला नाही, की ती खिडकी मेल्यात जमा. मग विंडोज खरी खिडकी झाकते आणि तिच्या जागी तेवढ्याच आकाराची, फिकट पडलेली एक नक्कल उभी करते. मथळ्यात लिहिते, ‘प्रतिसाद देत नाही’. ही तोतया खिडकी तुम्हाला सरकवता येते, लहान करता येते, बंद करायलाही सांगता येते. अँड्रॉइडचाही हिशेब 5 सेकंदांचाच. तेवढ्यात तुमच्या स्पर्शाला दाद मिळाली नाही तर तो थेट विचारतो, थांबणार की बंद करू? थोडक्यात, ज्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून मी इतकी वर्षं चरफडत आले, तो आरोपी नव्हताच. खरा आरोपी मागे फाइल शोधत होता.

5 सेकंद फार वाटत असतील तर तुम्ही माणूस आहात. संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं याचा विचार रॉबर्ट मिलर या संशोधकांनी 1968 मध्येच करून ठेवला होता, आणि वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये तो पुन्हा मांडला. एक दशांश सेकंदात काही घडलं तर ते लगेच घडलं असं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. 10 सेकंदांच्या पुढे मन दुसरीकडे जातं. माझं मन कुठे जात नाही, माझं बोट जातं.

आता उपाय काय? काम चाललेलं असताना मला अडवायचं. हो, माझं हेच म्हणणं आहे, आणि ते ऐकून भाचा खुर्चीत सावरून बसला. त्याला वाटलं होतं मावशी स्वातंत्र्य मागणार. मला स्वातंत्र्य नको. मला दार लावलेलं चालतं. फक्त ते लावलंय हे दिसलं पाहिजे, आणि सगळ्या बाजूंनी लावलं पाहिजे.

दुसरी अट महत्त्वाची, कारण बहुतेक कुलपं अर्धीच लागतात. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पडदे बांधायचं स्विंग नावाचं साधन आहे. त्याच्या पडद्यांना एक सोय असते, ग्लास पेन. सगळ्या पडद्यावर एक अदृश्य काच चढवायची. क्लिक काचेवर आदळतात, खाली पोचत नाहीत. वा! पण टॅब दाबला तर? काचेला माऊस कळतो, कळफलक तिच्या खिजगणतीत नाही. टॅब काचेच्या खालून चालत चालत हव्या त्या बटणापाशी जातो आणि स्पेस ते दाबतो. पडदे बांधायच्या टीके नावाच्या दुसऱ्या साधनात ‘बिझी’ असा एक हुकूम आहे, त्याचीही हीच गोष्ट: पारदर्शक खिडकी अंथरतो, माऊस अडवतो, आणि कळफलकाचं तुमचं तुम्ही बघा म्हणतो. वेबपानावर ‘पॉइंटर इव्हेंट्स नन’ अशी सूचना लिहिली की तेच. मला हे कळल्यापासून मी टॅब वापरायला शिकले आहे. भाच्याला हे सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. आता ‘इनर्ट’ नावाचा गुणधर्म आलाय, 2023 पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचला. तो माऊस आणि टॅब दोघांनाही बाहेर काढतो. म्हणजे माझ्यासारख्यांचा विचार कोणीतरी केला, उशिरा का होईना.

दुसऱ्या टोकाला विंडोजमधलं ‘ब्लॉक इनपुट’. हे एका प्रोग्रॅमचं दार लावत नाही, सगळ्या यंत्राचे माऊस आणि कळफलक दोन्ही बंद करतं. सुटकेला एकच वाट: कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. भाचा म्हणाला, हे सहसा कोणी वापरू नये. मी म्हटलं, माझ्या यंत्रावर वापर आणि मला सुट्टी दे.

पूर्वीच्या प्रोग्रॅमरांनी आणखी एक शक्कल काढली होती, ‘डू इव्हेंट्स’. काम करता करता मध्येच थांबायचं, साठलेल्या चिठ्ठ्या उरकायच्या, परत कामाला लागायचं. त्याने पडदा गोठत नाही. पण चिठ्ठीवर पुन्हा ‘जतन करा’ असेल तर? अर्धवट जतन बाजूला राहतं आणि त्याच्याच पोटात दुसरं जतन सुरू होतं. म्हणून जाणते लोक काम सुरू करण्याआधी ते बटणच राखाडी करून टाकतात. राखाडी बटणाइतकी सभ्य गोष्ट संगणकात दुसरी नाही. ते तुम्हाला दिसतं, नाही म्हणतं, आणि क्लिक पुढच्या तारखेला उकरून काढत नाही.

हे सगळं मी हसत लिहितेय, पण एका ठिकाणी हसू येत नाही. थेरॅक 25 नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. 1985 ते 1987 या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले, काही जण दगावले. त्यातला एक दोष असा होता: माहिती भरून झाली की आतले चुंबक जागेवर यायला सुमारे 8 सेकंद लागत. सरावलेला माणूस चुकलेलं अक्षर त्याच्या आतच दुरुस्त करत असे. पडद्यावर दुरुस्ती दिसे. यंत्राच्या एका भागाला ती कळलेलीच नसे. तेवढी सेकंदं पडदा ‘आता हात लावू नका’ म्हणाला असता, तर निदान त्या वाटेने अपघात झाला नसता. त्यामुळे मला कोणी अडवलं की मी आता कुरकुरते, पण भांडत नाही.

भांडते ती सोडायला विसरतात तेव्हा. काम सुरू करताना बटण राखाडी करायची ओळ सगळे लिहितात. काम झाल्यावर ते परत उजळायची ओळही लिहितात. पण मधेच काही बिघडलं तर ती दुसरी ओळ येतच नाही, आणि बटण जन्माचं राखाडी. बाणाचंही तसंच. क्यूटी या पडदे बांधायच्या आणखी एका साधनात थांबण्याचा बाण जितक्या वेळा चढवाल तितक्या वेळा उतरवावा लागतो. दोनदा चढवून एकदा उतरवला की काम कधीच झालेलं असतं, आणि चिन्ह फिरतंय. आपण अदबीने वाट बघतोय, आणि आत कोणीच नाही.

या चिन्हांबद्दलही माझी तक्रार आहे. 1984 च्या मॅकिंटॉशवर मनगटी घड्याळ होतं, विंडोजवर वाळूचं. घड्याळ म्हटलं की निदान कधीतरी वेळ संपेल अशी आशा वाटते. विंडोज व्हिस्टाने वाळू काढून निळं कडं आणलं. कड्याला टोकच नसतं. त्यापेक्षा टक्के दाखवणारी पट्टी बरी. ब्रॅड मायर्स या संशोधकांनी 1985 मध्ये तिचा अभ्यास केला आणि लोकांना पट्टी असलेली आवडते असं दाखवलं. मलाही आवडते, 99 टक्क्यांपर्यंत.

गेल्या महिन्यात भाच्याने स्वतःचा एक प्रोग्रॅम माझ्यापुढे ठेवला. “मावशी, तू मोडून दाखव.” एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. मी काम सुरू केलं. बटण राखाडी झालं. टॅब मारला, अडला. एंटर, स्पेस, एस्केप, सगळे अडले, आणि नंतर कोणी उगवलंही नाही. पट्टी सरकत होती. कारकून दोन ठेवलेत, तो म्हणाला, एक कायम खिडकीवर. मग शेजारचं ‘रद्द करा’ हे बटण चालू दिसलं. हे मला नवीन होतं. माझ्या कचेरीतल्या प्रोग्रॅममध्ये ‘रद्द करा’ही त्याच रांगेत उभं राहतं, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याची पाळी येते.

मी ‘रद्द करा’ दाबलं. ते तत्काळ राखाडी झालं. भाच्याने अभिमानाने माझ्याकडे बघितलं. पडद्यावर लिहून आलं, ‘रद्द करत आहोत, कृपया थांबा’.

“किती वेळ?” मी विचारलं.

“ते बाकीच्या कामापेक्षा जरा जास्त लागतं,” तो म्हणाला.