बाई, माईक चालू आहे

गणपतीच्या मीटिंगला जो उशिरा पोचतो, त्याच्या गळ्यात उरलेलं काम पडतं, हा आमच्या सोसायटीचा अलिखित कायदा आहे. मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. तोवर वर्गणी, नैवेद्य, विसर्जनाचा टेम्पो असं सगळं वाटून झालं होतं. उरलं होतं ते फक्त भावोजीपण.

"यंदा महिलांसाठी टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'सारखा पैठणीचा खेळ ठेवलाय. भावोजी म्हणून सूत्रसंचालन तुम्ही करा," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचा आवाज खणखणीत आहे." माझा आवाज त्यांनी आजवर फक्त पार्किंगच्या भांडणात ऐकला होता.

बाहेरचा भावोजी आणायची सोय असते म्हणा. आमच्या डोंबिवलीत गणपतीपासून नवरात्रापर्यंत चौकाचौकात 'खेळ पैठणीचा' चालतो. बॅनरवर पैठणीपेक्षा भावी नगरसेवकाचा फोटो मोठा असतो, आणि भावोजी स्वतःचा माईक, स्वतःचा साउंडवाला आणि स्वतःचे जुने विनोद घेऊन येतो. पण त्याचं मानधन दिलं असतं तर आम्हाला पैठणीऐवजी नॅपकिनचा सेट द्यावा लागला असता. म्हणून मी.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? भावोजी?" लग्न ठरलं तेव्हाही तिनं मला असंच पाहिलं होतं.

तिचा अविश्वास रास्त होता. तिच्या लेखी भावोजी एकच, आदेश बांदेकर. टीव्हीवरच्या 'ताक धिना धिन'मुळे हा माणूस तिला आधीपासून ठाऊक होता, पण तेव्हा तो नुसताच 'तो गाण्यांच्या भेंड्यांवाला' होता. 13 सप्टेंबर 2004 ला 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि तो आमच्या घरात नात्यानं लागला. वाहिनीचं नाव तेव्हा अल्फा मराठी होतं, पुढच्याच वर्षी तिची झी मराठी झाली. आमच्या घरावर त्याचा परिणाम शून्य, कारण आई दोन्ही नावांनी हाक मारत नसे. "भावोजी लावा" एवढंच म्हणायची.

दिवेलागणीला भावोजी लागायचे. देवापाशी निरांजन आणि टीव्ही दोन्ही एकदमच पेटायचं. कुकर जाहिरातीआधी चढवायचा नाही, ही शिस्त होती, कारण शिट्टीत उखाणा बुडतो. त्या अर्ध्या तासात फोन वाजला तर उचलायचा नाही, कारण ज्याला एवढंही कळत नाही त्याच्याशी बोलायचंच कशाला? दूध मात्र दोनदा उतू गेलं. दोन्ही वेळा एका वहिनीनं तिच्या सासूचं कौतुक केलं होतं आणि सासू रडायला लागली होती. समोर माणसं रडत असताना गॅस बंद करायला उठणं आईला माणुसकीला धरून वाटलं नाही.

आता ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला नाही (अशी माणसं आहेत म्हणे) त्यांना सांगायला हवं, की त्यात व्हायचं तसं काहीच नाही. दार वाजायचं, "दार उघड बये" अशी हाक यायची, भावोजी घरात शिरायचे. दोन वहिनी. नवरा सोफ्याच्या कडेला, जामीन न मिळालेल्या माणसासारखा. लग्न कसं जमलं, पहिल्यांदा कुठे पाहिलं, भांडण झालं की आधी कोण बोलतं. मग फुगे फोडा, ग्लास रचा. शेवटी एकीच्या खांद्यावर पैठणी. याच्यावर हा कार्यक्रम 2022 पर्यंत चालला. मधे करोना आला, तर भावोजी व्हिडिओ कॉलवरून 'घरच्या घरी' आले. आमच्या ऑफिसची त्या काळात एक मीटिंग धड होत नव्हती.

आईनं नाव कळवून ठेवलं होतं. भावोजी कधीही येऊ शकतात, या तयारीनं आमचं घर काही वर्षं जगलं. आम्ही तेव्हा वन-रूम-किचनमध्ये राहायचो. कॅमेरा आत आला असता तर बाबांना मुलाखत जिन्यातून द्यावी लागली असती. तरी सोफ्याची कव्हरं दर सोमवारी बदलली जायची आणि उखाणा तयार होता. बाबा तेव्हा रोज सकाळची फास्ट पकडायचे, म्हणून उखाणाही लोकलचा:

*डोंबिवली फास्टला लटकतो अर्धा गाव,*
*चौथी सीट सरकवून देते, तुमचं काय हो नाव?*

दुसऱ्या ओळीत नाव घ्यायचं सोडून ते विचारलं जातंय, ही गोष्ट बाबांनी एकदा लक्षात आणून दिली. आई म्हणाली, "तोच तर विनोद आहे. तुम्ही तिथं नाव सांगायचं." बाबांनी सहा महिने नाव सांगायचा सराव केला. भावोजी काही आले नाहीत. बाबांचा सराव वाया गेला म्हणावं तर तेही नाही. पुढे बँकेत केवायसीला उपयोगी पडला.

2009 मध्ये बांदेकर माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. आमचं मत माहीमला नाही, तरी आईनं त्या दिवशी शिरा केला. मी म्हटलं, अगं ते पडले. ती म्हणाली, "म्हणूनच. निवडून आले असते तर सहा वाजता कोण आलं असतं?" पुढे ते सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले तेव्हा मात्र तिला आनंद झाला. आपला दीरच देवापाशी बसलाय, तर मंगळवारच्या रांगेचं काहीतरी होईल, असं तिला वाटलं. झालं नाही. शेवटच्या वर्षी 'महामिनिस्टर' करून अकरा लाखांची पैठणी ठेवली, तेव्हा मात्र तिचं बिनसलं. "अकरा लाखांची साडी नेसून बाई बसणार कुठे?" तिनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

असो. माझ्या प्रसंगाकडे येतो.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेआठ. पार्किंगमध्ये मांडव, पंचेचाळीस खुर्च्या, पुढे सतरंजीवर पोरं. माझ्या अंगात इस्त्रीचा झब्बा, हातात कॉर्डलेस माईक, त्यातले सेल आरतीत निम्मे संपलेले. पैठणी फडके रोडवरून आणलेली, तिला गणपतीशेजारी खुर्चीवर बसवलं होतं. त्या खुर्चीवर मला बसायचं होतं.

पहिला घोटाळा संबोधनातच झाला. टीव्हीवर 'वहिनी' हा शब्द किती सहज यायचा! समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं तेव्हा कळलं, की यातली एकही बाई माझी वहिनी नाही. निम्म्या काकू, चार मावश्या, एक आत्या (खरीच). एका मुलीला वहिनी म्हटलं, तर तिची आई खुर्चीतून म्हणाली, "अजून ठरलं नाही हो, स्थळ असेल तर सांगा." आणि पहिल्या रांगेत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, बी विंगमधल्या बाई. म्हणजे माझ्या बाई. आठवीत त्यांनी मला भूमिती शिकवली होती, मी शिकलो नव्हतो. चिठ्ठीत त्यांचं नाव निघालं.

"तर आता आपल्यासोबत आहेत व..." माझा आवाज गेला. "वहि... बाई."

"सरळ उभा राहा," बाई म्हणाल्या. माईकमधून. मी राहिलो.

दुसरा घोटाळा सी विंगमधल्या एका जोडप्यापाशी. मी ठरलेला प्रश्न विचारला, "वहिनींना पहिल्यांदा कुठे पाहिलंत?" गृहस्थ प्रामाणिक निघाले. "खरं सांगू का, मी त्यांच्या बहिणीला बघायला गेलो होतो." मांडवात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. अशा जागी बांदेकर काय करायचे, ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. ते गाडी लगेच नवऱ्याकडे वळवायचे, त्याची टोपी उडवायचे, वहिनी आधी हसायची आणि मग सगळे हसायचे. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग?"

त्या 'मग'नंतर जे झालं त्याला मी जबाबदार आहे हे मला मान्य आहे. ते दोघं अजून एका लिफ्टनं येत नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, हा माणूस गोड बोलतो म्हणून चालतं. तसं नव्हतं. त्यानं बसायला जागाच अशी धरली होती, की तिथून सगळं चालतं. आपल्याकडे घरात सुनेची थट्टा कोण करू शकतो? नवऱ्यानं केली तर टोमणा, सासऱ्यानं केली तर आगाऊपणा, सासूनं केली तर युद्ध. दिरानं केली तर मात्र गंमत. आणि वहिनीही जे नवऱ्याला सांगू शकत नाही, ते दिराकडे बोलते, "तुमच्या भावाला सांगा" म्हणून. या माणसानं अख्ख्या महाराष्ट्रात ती एकच रिकामी खुर्ची हेरली आणि अठरा वर्षं तिच्यावर बसला. मी त्याच खुर्चीच्या हातावर कसाबसा टेकलो होतो.

हे सगळं नीट कळायच्या आत तिसरी चिठ्ठी निघाली. बायकोची.

तिनं माईक हातात घेतला. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं नाव सांगा." मांडव फुटला. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. तिनं पूर्ण नाव सांगितलं, मधे माझं नाव अगदी परक्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं.

"ह्यांना पहिल्यांदा कुठे पाहिलंत?"

"ठाणे स्टेशनच्या पुलावर. चुकीच्या जिन्यानं उतरत होते. अजून उतरतात."

टाळ्या. मी पुढच्या खेळाकडे वळणार, तोच ती म्हणाली, "भावोजी, एक तक्रार होती."

मला लग्नाच्या आधीपासून अरे-तुरे करणारी बाई अहो-जाहोवर आली, की प्रकरण गंभीर आहे हे ओळखावं. "बोला," मी म्हणालो.

"तुमचे बंधू रात्री उठून फ्रिजमधली बाटली संपवतात आणि रिकामी बाटली परत फ्रिजमध्ये ठेवतात. भरून नाही. रिकामी. गार करायला."

"आमचेही!" पहिल्या रांगेतून एक आवाज आला. मग दुसरा, मग ए विंग अख्खी. माझी आई चौथ्या रांगेतून उभी राहून म्हणाली, "ह्याचे वडीलही!"

"भावोजी, समजावाल का त्यांना?"

"समजावतो, वहिनी," मी म्हणालो. त्या रात्री मला मिळालेली एकमेव खरी दाद या वाक्याला होती आणि मी ते घाबरून बोललो होतो.

शेवटचा खेळ कागदी कपांचा. एका मिनिटात मनोरा रचायचा, आणि समोर बाई विरुद्ध बायको. डेकोरेशनवाल्यानं दिलेला उभा पंखा मांडवाच्या कोपऱ्यात गरगर मान फिरवत होता. त्याचं तोंड इकडे आलं की कप भुर्रकन उडायचे, तिकडे गेलं की दोघी परत रचायच्या. चाळीस सेकंद मी "वहिनी, जोर लावा!" असं काहीबाही ओरडत होतो. बाईंनी हात थांबवले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पंखा बंद कर." मी धावत जाऊन बंद केला. परत येईस्तोवर त्यांचा मनोरा उभा होता. बायकोचे तीन कप गणपतीच्या उंदरापाशी पडले होते.

पैठणी बाईंना. मी ती दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्यावर घातली, साउंडवाल्यानं तुतारी वाजवली, फोटो निघाले. सगळं मनासारखं होत होतं. तेवढ्यात बाईंनी पदर हातात घेऊन उलटा केला. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही जवळजवळ मोरच दिसतो. हा मागून सुटे धागे लोंबणारी कोंबडी दिसत होता.

"सेमी आहे," बाई म्हणाल्या. पंचेचाळीस खुर्च्यांना ऐकू गेलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, माईक चालू आहे."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या आणि खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदार प्रसाद वाटायला निघून गेले.

घरी आल्यावर आईचं परीक्षण तयार होतं. "पंखा बंद केलास ते चांगलं केलंस," एवढंच ती म्हणाली. पुढच्या वर्षी मीटिंगला वेळेवर जायचं मी त्याच रात्री ठरवलं.

पण भावोजीपण असं एका रात्रीत उतरत नाही. बायकोला तक्रारीसाठी नवीन खिडकी मिळालीये. "भावोजी, बंधूंना सांगा, टॅंकर आलाय." "भावोजी, बंधूंची छत्री अजून रिक्षातच आहे का?" मी निरोप घेतो, आतल्या खोलीत जातो, स्वतःला सांगतो आणि बाहेर येऊन "सांगितलं" म्हणतो.

परवा रात्री दोनला तहान लागली. अंधारात फ्रिज उघडला, बाटली तोंडाला लावली, संपवली, आणि सवयीनं हात आत गेला.

"भावोजी," बेडरूममधून आवाज आला, "बंधू काय करतायत हो तिकडे?"