सन त्झूचे अर्धेच वाचन

निवडणुकीच्या रणनीतीची चर्चा सुरू झाली की प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सन त्झूचे एक वचन हमखास पुढे केले जाते: युद्ध म्हणजे मुळात शत्रूला चकवणे. त्याच्या ‘द आर्ट ऑफ वॉर’ या ग्रंथात एकंदर १३ प्रकरणे आहेत आणि हे वचन पहिल्याच प्रकरणात येते. पुढची बारा प्रकरणे वाचण्याची तसदी प्रचारवाले क्वचितच घेत असावेत, असे माझे मत आहे.

१९८८ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचाराची सूत्रे ली अ‍ॅटवॉटर यांच्याकडे होती आणि ते सन त्झूचे उघड चाहते होते. जुलैमधील डेमोक्रॅटिक अधिवेशनानंतर गॅलपच्या जनमत चाचणीत त्या पक्षाचे उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस तब्बल १७ टक्क्यांनी पुढे होते. परंतु त्याआधीच, मे महिन्यात, न्यू जर्सीतील पॅरामस येथे काही डेमोक्रॅट मतदारांना बसवून डुकाकिस यांची कोणती गोष्ट त्यांना सर्वाधिक खटकते, हे बुश यांच्या माणसांनी चाचपून पाहिले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये खुनाच्या कैद्यांनाही फर्लो, म्हणजे तुरुंगातून तात्पुरती रजा, मिळे आणि अशाच रजेवर गेलेल्या एका कैद्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले होते, हे ऐकताच अनेकांचे मत फिरले. कैदी कृष्णवर्णीय होता आणि जोडपे गोरे. त्या प्रचाराला एवढी धार कशामुळे आली, हे वेगळे सांगायला नको.

भरीव जागा टाळून पोकळ जागी घाव घालावा, असे सहावे प्रकरण सांगते. पर्यावरण ही डुकाकिस यांची भरीव बाजू समजली जाई. बुश मात्र १ सप्टेंबरला थेट डुकाकिस यांच्याच राज्यातल्या बोस्टनच्या गलिच्छ बंदरात बोटीतून फिरले आणि ती बाजू आतून पोकळ असल्याचे त्यांनी कॅमेऱ्यांसमोर दाखवले. पुढे संरक्षणाच्या बाबतीत आपण कच्चे नाही, हे सिद्ध करण्यासाठी डुकाकिस स्वतःच्या नावाचे भलेमोठे हेल्मेट घालून रणगाड्यातून फिरले, तेव्हा तर शत्रूच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. बुश यांनी ४० राज्ये जिंकली.

तरीही मी याला सन त्झूचा विजय म्हणणार नाही. शत्रूचे राज्य अखंड हाती येणे उत्तम, ते उद्ध्वस्त करून घेणे त्याखालोखाल, असे तिसरे प्रकरण स्पष्ट बजावते. निवडणुकीत तर जिंकायचे राज्य आपलेच असते. त्या वर्षी मतदान जेमतेम ५० टक्क्यांवर आले, १९२४ नंतरचे सर्वांत कमी. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडेच राहिली आणि प्रचारात ज्यांना झोडपले त्यांच्याशीच १९९० मध्ये अर्थसंकल्पासाठी तडजोड करून, ‘नवे कर लादणार नाही’ हे आपले गाजलेले वचन बुश यांना मोडावे लागले. १९९२ मध्ये त्यांना ३७ टक्के मते मिळाली; त्यामागे मंदी आणि अपक्ष उमेदवार रॉस पेरो हीही कारणे होती, हे मान्य. (अ‍ॅटवॉटर यांनी त्याआधीच, मेंदूच्या कर्करोगाने आजारी असताना, डुकाकिस यांची जाहीर माफी मागितली होती.)

माझ्या लेखी सन त्झूचे खरे वाचन झाले ते १९९२ मध्ये, बुश यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन यांच्या लिटल रॉक येथील प्रचार कचेरीत. शत्रू येणार नाही या भरवशावर राहू नका, आपल्या तयारीवर राहा, असे आठवे प्रकरण म्हणते. डुकाकिस यांनी जे आरोप आठवडेच्या आठवडे अनुत्तरित ठेवले होते, तसल्या प्रत्येक आरोपाला तिथून शक्यतो त्याच दिवशी, संध्याकाळच्या बातम्यांपूर्वी उत्तर जात असे.