बिलाचं चौथं पान

२००८ सालची गोष्ट. तेव्हा अमेरिकेत मोबाईल घ्यायचा म्हणजे दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आलंच. फोन स्वस्तात नाहीतर फुकट, आणि मुदतीआधी सोडलंत तर १७५ डॉलर भरा. माझे अकरा महिने झाले होते आणि घरात रेंजचा पत्ता नव्हता. फोन वाजला की आधी चपला शोधायच्या, मग खाली पार्किंगमध्ये पळायचं. तोवर समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा.

कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, आमच्या नकाशात तुमच्याकडे कव्हरेज आहे." नकाशात असेलही. मी नकाशात राहत नव्हते.

मग एका रात्री बिल चाळताना चौथ्या पानावर तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ दिसली. अमुक तारखेपासून प्रत्येक टेक्स्ट मेसेजला १५ ऐवजी २० सेंट. त्या काळात सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी हे केलं होतं. २००५ ते २००८ या तीन वर्षांत मेसेजचा दर १० सेंटवरून २० सेंटवर गेला, आणि सिनेटर हर्ब कोल यांनी कंपन्यांना पत्र पाठवून याचा जाबही विचारला होता. मी महिन्याला जेमतेम दहा मेसेज पाठवणारी. म्हणजे मला भुर्दंड किती, तर अर्धा डॉलर.

पण मी उठले आणि वॉरंटी कार्डांच्या फायलीतून कॉन्ट्रॅक्ट काढलं. त्यात एक कलम होतं. कंपनीने ग्राहकाचं नुकसान होईल असा महत्त्वाचा बदल केला, तर ग्राहकाला ठरलेल्या दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येईल. ही कंपनीची मेहेरबानी नव्हती बरं का. सीटीआयए नावाची मोबाईल कंपन्यांची संघटना आहे, तिच्या आचारसंहितेतच हे आहे. असा बदल करायचा तर आधी कळवा, आणि दंडाशिवाय रद्द करायला किमान १४ दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"पाच सेंटसाठी तुम्ही कॉन्ट्रॅक्ट मोडणार?"

"मी कुठे मोडतेय? दर तुम्ही बदललात."

मग होल्ड. तेच ते संगीत, पुन्हा पुन्हा. दुसरी बाई आली, तिलाही कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा दर कॉन्ट्रॅक्टचा भागच नाही. मी म्हटलं, मग बिलात कशाचे पैसे घेता? तिसरा माणूस फारच गोड. त्याने दरमहा दोनशे मेसेज फुकट देऊ केले. इथे मी घसरणारच होते, खरं सांगते. पण ते घेतले असते तर दरवाढीने माझं नुकसान झालं असं म्हणायला तोंडच उरलं नसतं. नको म्हटलं. पन्नास मिनिटांनी सुटका झाली. त्याने दिलेला नोंदणी क्रमांक मी त्याच बिलाच्या मागे लिहून ठेवला, आणि दोन महिन्यांनी १७५ डॉलरची मागणी आली तेव्हा तो कामाला आला. फोनवरचं 'हो' आणि कागदावरचं 'हो' यांची कंपनीत भेट होतेच असं नाही.

हे सगळं आता का आठवलं, तर भाच्यामुळे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, मला कंपनी बदलायचीये आणि हे ५५० डॉलर मागतायत. कॉन्ट्रॅक्ट नाही म्हणाले होते ग!"

आणि ते खोटं बोलले नव्हते. कॉन्ट्रॅक्ट खरंच नाही. २०१३ मध्ये टी-मोबाईलने दोन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं बंद केली, मग बाकीच्याही एकेक करून त्याच वाटेने गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. आज माझं मत साफ उलटं आहे. जुना दंड लुबाडणारा होता, पण उघड होता. आताचा सापळा जास्त हुशारीने लावलाय.

भाच्याचं बिल मागवून घेतलं. फोन ९०० डॉलरचा, ३६ हप्ते, महिन्याला २५ डॉलर. त्याच्या खालच्याच ओळीत उणे २५ डॉलर, 'प्रमोशनल क्रेडिट'. बेरीज शून्य, म्हणून फोन 'फुकट'. पण हप्ते हे कर्ज आहे आणि क्रेडिट ही बक्षिशी. तुम्ही कंपनी सोडलीत की बक्षिशी त्याच दिवशी थांबते, कर्ज मात्र जागेवर. चौदा महिने झालेत, बावीस राहिलेत, बावीस गुणिले पंचवीस, ५५०. हिशोबात काडीची चूक नाही. दुखतं ते तिथेच.

आणि चौथ्या पानाची युक्ती इथे चालत नाही. प्लॅनचे दर वाढले तर प्लॅन सोडा की, कोण अडवतंय? त्याला दंडच नाही, मग माफ काय करणार? फोनच्या कर्जाचा कागद वेगळा, त्याला दरवाढ शिवत नाही. आधी एकाच करारात दोघं बांधलेले होते, त्यामुळे त्यांनी शब्द मोडला की मीही मोकळी. आता त्यांनी आपलं अंग अलगद काढून घेतलंय.

जुन्या पद्धतीचे गोडवे गातेय असं मात्र समजू नका. २००९ च्या शेवटी व्हेरायझन कंपनीने स्मार्टफोनसाठी मुदतीआधी सोडण्याची ही फी ३५० डॉलर केली, दर महिन्याला १० डॉलर कमी होणारी. आता मांडा गणित. तेवीस महिने पुरे करून सोडलंत तरी १२० डॉलर द्यायचेच. एफसीसीने, म्हणजे तिकडच्या दूरसंचार आयोगाने, खुलासा मागितला तेव्हा कंपनीच्या उत्तरात फोनवरच्या सवलतीबरोबर जाहिराती, कमिशन आणि दुकानांचा खर्चही होता. म्हणजे ज्या जाहिरातीने मला गळाला लावलं, तिचं बिलही माझ्याच नावावर! कॅनडाने हा प्रश्न सरळ सोडवला. तिथल्या वायरलेस कोडप्रमाणे डिसेंबर २०१३ पासूनच्या नव्या करारांत ही फी महिन्यागणिक उतरत दोन वर्षांत शून्यावर यायलाच हवी. अमेरिकेत असा नियम झाला नाही.

भाच्याने इंटरनेटवरून तोडगेही गोळा केले होते. रेंज नसलेल्या गावाचा खोटा पत्ता द्या, सैन्यात बदली झाली म्हणून सांगा. यावर मी त्याला चांगलंच झापलं. नव्वद दिवस किंवा त्याहून जास्त काळासाठी, जिथे सेवा मिळत नाही अशा ठिकाणी पाठवलेल्या सैनिकाला फी न भरता करार सोडायचा कायदेशीर हक्क आहे. तो त्याचा आहे, तुझा नाही. आणि पैसे भरायचेच बंद करणं ही तर सगळ्यात महागडी युक्ती. उधारी वसुलीवाल्यांकडे गेली की क्रेडिट स्कोअरला जो डाग लागतो, तो ५५० डॉलरला परवडत नाही.

एक काम मात्र त्याला लगेच करायला लावलं, ते म्हणजे काहीच रद्द न करणं. आधी नंबर नव्या कंपनीकडे पोर्ट व्हायला हवा. जुनं खातं आधी बंद केलं तर नंबर हातचा जाऊ शकतो. पैसे बाकी आहेत म्हणून जुनी कंपनी नंबर अडवून ठेवू शकत नाही, हा एफसीसीचा नियम आहे. साधं पोर्टिंग कामकाजाच्या एका दिवसात व्हायला हवं. बाकी पैशांचं भांडण नंतर निवांत करता येतं.

दुसऱ्या कंपनीची 'तुमचे उरलेले हप्ते आम्ही भरू' ही जाहिरातही आम्ही बघितली. ते पैसे देतात, नाही असं नाही. पण पुष्कळदा प्रीपेड कार्डावर, काही आठवड्यांनी, आणि वर नव्या फोनचे ३६ हप्ते. म्हणजे एका खुंट्याचा दोर सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधायचा.

कोर्टात जायचं म्हणाल तर करारात लवादाचं कलम असतंच, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे न्यायचं. २०११ मध्ये कन्सेप्सियन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की असं कलम असेल तर कंपनी सामूहिक दावा रोखू शकते. त्या खटल्याचं मूळ काय होतं माहितीये? 'फुकट' म्हणून दिलेल्या फोनवर लावलेला ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर. मला हे वाचून हसू आलं होतं, तेव्हा.

आमच्या हातात शेवटी एकच चीज होती. फोन घेताना भाच्याने कंपनीच्या चॅटवर विचारलं होतं, "मध्येच सोडलं तर काही द्यावं लागेल?" त्यावर पलीकडून उत्तर, "नाही, कधीही सोडू शकता." त्याने सहज म्हणून स्क्रीनशॉट ठेवला होता. तो जोडून एफसीसीकडे तक्रार टाकली. त्याला एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार पोचल्यावर कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

नवव्या दिवशी कंपनीचा फोन. या वेळी होल्ड नाही, संगीत नाही, बाई स्वतःचं नाव सांगून बोलत होती. ५५० पैकी ३०० सोडायला तयार आहोत म्हणाली. भाचा लगेच हो म्हणणार होता. मी त्याला खुणेने थांबवलं आणि म्हटलं, आधी ईमेलवर माग.

ईमेल काल आली. २५० डॉलर भरायचे आहेत. अटी दुसऱ्या पानावर आहेत म्हणे, वाचायला बसलोय.