‘स्टेनलेस आहे, गंजत नाही’: स्प्रिंगच्या चाकूबद्दलच्या बाता, एकेक करून

आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या की किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक निरोप नव्यानं फिरू लागतो. त्यातला माल थोडक्यात असा: ‘पाचशे रुपयांत असिस्टेड चाकू घ्या. बोट लावलं की फटकन उघडतो. पूर्ण स्टेनलेस, खाऱ्या हवेत गंजत नाही. डी२ स्टीलचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा, वर्षभर बघायला नको. नारळापासून जाळ्यापर्यंत एकच चाकू पुरतो. नऊ इंचांच्या आतला आहे, कुठेही बाळगा.’ यातली दोन विधानं अर्धी खरी आहेत. बाकीची तेवढीसुद्धा नाहीत.

‘बोट लावलं की उघडतो’ हे आधी घेऊ. बोट लावून नाही, बोटानं ढकलून. मुठीवरचं बटण दाबल्यावर उघडतो तो खटक्याचा चाकू. असिस्टेड म्हणजे स्प्रिंगच्या मदतीनं उघडणारा घडीचा चाकू. त्यात पात्याच्या बुडाला बाहेर आलेला एक कान असतो, त्याला फ्लिपर म्हणतात, किंवा पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असते. सुरुवातीचे पंचवीस-तीस अंश पातं तुम्हीच ढकलायचं, आणि तेवढ्या अंतरात आतली स्प्रिंग ते उलट आत ओढत असते. तो टप्पा ओलांडला की तीच स्प्रिंग पातं बाहेर फेकते. म्हणजे चाकू उघडणं आणि बंद चाकू बंद ठेवणं, दोन्ही कामं एकाच स्प्रिंगकडे. साध्या घडीच्या चाकूत दुसरं काम लॉकच्या, म्हणजे उघडं पातं अडवून धरणाऱ्या, पट्टीवरची बारीक गोळी करते. ती पात्याच्या खळग्यात बसते. बऱ्याच असिस्टेड चाकूंत ही गोळी नसते, किंवा असून नसल्यासारखी असते. स्प्रिंग तुटली की चाकू हातानं उघडता येतो खरा, पण खिशात पातं सैल होऊन डोकावायला लागतं. विकत घेताना म्हणूनच मुठीवर सरकती सेफ्टी आहे का ते बघावं. नसेल तर मुठीवरची क्लिप खिशाला लावताना पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल अशी ठेवावी, म्हणजे शिवणच पात्याला अडवते.

आणि फटकन उघडण्याचं एवढं कौतुक का, तेच कळत नाही. सुतळी किंवा पेटीची पट्टी कापायला अर्धा सेकंद वाचला काय आणि न वाचला काय. बोटं कापतात ती उघडताना कमी, मिटताना जास्त. असिस्टेड चाकू मिटताना अर्ध्याहून जास्त वाट स्प्रिंग विरोध करते, आणि शेवटच्या तुकड्यात पातं आपण होऊन खटकन आत जातं. म्हणून अंगठ्यानं लॉकची पट्टी बाजूला सारायची, दुसऱ्या हातानं पात्याच्या पाठीवर दाब देऊन ते थोडं खाली आणायचं, तिथं थांबायचं, अंगठा वाटेतून काढायचा आणि मगच पुढं ढकलायचं. माशाच्या खवल्यांनी हात बुळबुळीत असेल तर आधी पुसा. एका हातानं उघडतो म्हणून एका हातानं मिटायला जाऊ नये.

दुकानात वेग बघण्याऐवजी लॉक बघा. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली वाकलेली पट्टी, जी पातं उघडल्यावर त्याच्या बुडामागे येऊन टेकते. ती एक मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर चाकू परत ठेवा. उघड्या चाकूत पट्टीनं पात्याच्या बुडाची पाव ते अर्धी जाडी झाकलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर सटकेल. पार पलीकडच्या टोकाला गेली असेल तर झिजायला जागा उरली नाही. मग पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडं हललं तर बिजागरीचा स्क्रू पाव फेरा आवळून भागतं. वर-खाली हललं तर तो लॉकचा दोष आहे, स्क्रूनं जात नाही. शेवटी चाकू दहा-बारा वेळा उघडा. एकदाही पातं अर्ध्यात अडलं किंवा लॉक अडकून बसला तर दुसरा नग मागा. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासणारे व्हिडिओ बघून तसं करू नका; चांगला लॉकही त्यानं बिघडू शकतो.

आता मिठाचा मुद्दा. ‘पूर्ण स्टेनलेस’ हे पात्यापुरतं खरं असू शकतं. स्प्रिंग मात्र बहुतेक स्वस्त चाकूंत साध्या कार्बन स्टीलच्या तारेची असते, स्क्रू कशाचे ते कुणी सांगत नाही, आणि दोन्ही मुठीच्या आत, जिथं ओल बसते आणि वाळत नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर दोन महिने खिशात वागवलेला चाकू वरून चकचकीत दिसतो. स्क्रू सोडवून बाजू उघडली की तारेवर तांबूस भुकटी, आणि तार जिथं वाकते नेमकी तिथं खड्डे. तार तुटते ती तिथूनच.

पात्याबद्दल बोलायचं तर स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे. साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की पोलादावर ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि आतलं लोखंड वाचतं. मिठातला क्लोराइड हा थर ठिपक्याठिपक्यानं फोडतो. म्हणून किनाऱ्यावर सगळं पातं तांबडं होत नाही, टाचणीच्या डोक्याएवढे काळे खड्डे पडतात. कैरी किंवा रातांबे कापून पातं तसंच मिटलं की आंबट आणि खारट एकत्र येतं आणि एका रात्रीत डाग दिसतो.

याच कारणानं ‘डी२ म्हणजे सोन्याहून पिवळं’ हा सल्ला कोल्हापूर-सांगलीकडे चालेल, आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावाला नाही. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. आकडा स्टेनलेससारखा वाटतो, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कण बनतात. धार टिकते ती त्या कणांमुळे. मोकळं क्रोमियम कमी उरतं, म्हणून गंज लवकर धरतो. शिवाय डी२ ला घरच्या दगडावर धार लावणं जिकिरीचं. किनाऱ्यासाठी १४सी२८एन हे स्वीडिश स्टील बरं: १४ टक्के क्रोमियम, ०.६२ टक्के कार्बन आणि थोडा नायट्रोजन, जो गंजाला रोखतो. ते परवडत नसेल तर ८सीआर१३एमओव्ही. या चिनी नावात पहिला आकडा कार्बनचा, दुसरा क्रोमियमचा: ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम. तसंच ३सीआर१३ म्हणजे ०.३ टक्के कार्बन. ते गंजायला उशीर लावतं, पण पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी वीस-पंचवीस वेळा कापली की धार बसलीच समजा. पात्यावर नुसतं ‘४४०’ कोरलेलं असेल तर विचारा, ए, बी की सी? ए मध्ये ०.६ ते ०.७५ टक्के कार्बन, सी मध्ये ०.९५ ते १.२. अक्षर गाळलेलं असेल तर ते सी नाही असं धरून चालावं. ‘जपानी स्टील’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

मूठ बघताना एक गोष्ट निरोपवाल्यांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे पाठ. काही चाकूंत मुठीची पाठ सलग पट्टीनं बंद असते, काहींत दोन-तीन खांबांवर उभी, मधे मोकळी. मोकळी घ्या. नळाखाली धरली की पाणी आरपार जातं आणि खिशातली वाळू, कापसाचा चुरा, फणसाचा चीक तुम्हाला दिसतो तरी.

चिकावरून खोबरेल तेल. ते चीक काढायला उत्तम आहे, फणस कापणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. पण काढायला, मुरवायला नव्हे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, हवेत राहून चिकट होतं, आणि बिजागरीत बसलं की वाळू धरून ठेवतं. मग पातं अर्ध्यात अडतं आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. क्रम असा ठेवावा: चिकाच्या जागी खोबरेल चोळून पाच मिनिटं थांबा, फडक्यानं पुसा, कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं बिजागरी आणि लॉकची पट्टी घासा, गोड्या पाण्यानं खळखळून धुवा, चाकू उघडा ठेवून पंख्याखाली दोन तास वाळवा. मग बिजागरीच्या दोन्ही बाजूंना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, चार-पाच वेळा उघडमीट, वर आलेलं तेल पुसून टाका. स्प्रिंगपर्यंतही तेल पोचू द्या. लॉकची पट्टी पात्याला जिथं टेकते तिथं मात्र तेल नको, तिथलं पुसून घ्या. फळं कापायची असतील तर पात्याला औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. खाऱ्या पाण्याचा हात लागला त्या दिवशी एवढं सगळं नाही, पण गोड्या पाण्यानं धुणं आणि वाळवणं त्याच दिवशी. ओल्या काजूच्या बियांत चाकू चालवला असेल तर मुठीला लागलेलं टरफलाचं तेल आधी पुसा, ते कातडी भाजतं.

मूठ खोलायचा मोह होईल. बहुतेक स्क्रू टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे, टी६ किंवा टी८ मापाचे असतात, आणि साध्या पेचकसानं खोलायला गेलात तर डोकं गोल होऊन बसतं. खोलताना चाकू कापडी पिशवीत धरा, ताणलेली स्प्रिंग उडून कोपऱ्यात जाते. स्प्रिंग कशी बसली होती त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

‘नारळापासून जाळ्यापर्यंत एकच चाकू’: नाही. शहाळ्याला कोयता, कलम बांधायला कलमाचा चाकू, पेट्यांच्या पट्ट्यांना पातं बदलायचा कटर. घडीचा चाकू नारळाच्या सोडणात घालून पिळला की आधी टोक जातं, मग बिजागरी सैल होते. होडीवर तर घडीचा चाकू नकोच. म्यानातला सरळ स्टेनलेस चाकू घ्या, त्यात तुटायला स्प्रिंग नाही. असिस्टेड चाकूला खरी जागा आहे ती जिथं एक हात गुंतलेला असतो तिथं: मिरीचा वेल बांधताना, ठिबकची नळी धरून कापताना, ताणलेली दोरी सोडायची नसताना. सात ते साडेसात सेंटीमीटर पातं त्याला पुरतं. दाते असलेली धार ओल्या नायलॉन दोरीवर चांगली चालते, पण घरच्या सपाट दगडावर लावता येत नाही, म्हणून पूर्ण साधी धार घ्यावी.

नऊ इंचांचा मुद्दा अर्धा खरा. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या परिशिष्टातल्या शस्त्रांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात, त्यात चाकूसुद्धा येतो आणि इंच मोजले जात नाहीत. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश नेहमीचेच. दिल्लीत तर १९८० ची अधिसूचना स्प्रिंगच्या, बटणाच्या आणि इतर यांत्रिक युक्तीनं उघडमीट होणाऱ्या चाकूंवर आहे: पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. बाजारातले बरेच असिस्टेड चाकू या मापात बसतात. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसनं तिकडे जाणार असाल तर हा चाकू घरीच ठेवा. चिपी किंवा मोपाहून विमानानं जाताना तो हातातल्या सामानात चालत नाही. निरोपाच्या काही प्रतींत ‘स्वसंरक्षणासाठी’ असंही जोडलेलं असतं. पोलिसांसमोर आपणच त्याला शस्त्र ठरवायचा हा सोपा मार्ग आहे.

राहिले पाचशे रुपये. त्या भावात पातं मिळतं, लॉकचा भरवसा मिळत नाही. साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास स्टीलचं नाव सांगणारा माल मिळू लागतो. तेवढे खर्चायचे नसतील तर त्याहून कमी पैशांत बिनस्प्रिंगचा, अंगठ्याच्या खुंटीचा घडीचा चाकू घ्यावा. तोही एका हातानं उघडतो, आणि नासायला त्यात एक भाग कमी. कोणताही घेतलात तरी कारखान्याची धार महिन्या-दोन महिन्यांत जाणार. दगडावर पातं दर बाजूला वीस अंशांनी धरा. पातं अडीच सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर येते. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेनं, म्हणजे धार मागे राहील असे, दहा-बारा हात मारा.