किती फुटी, एवढाच प्रश्न?

आमच्या गावी नाट्यगृह, चित्रकलेचे वर्ग आणि वाचनालय यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाग करून तिथे शिल्प बसवायचे घाटत आहे, आणि गावच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळा वाद ते 15 फुटी असावे की 21 फुटी, याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. शिल्पकार कोण निवडणार आणि दहा वर्षांनी त्या शिल्पाच्या देखभालीकडे कोण पाहणार, असे मी विचारले, तेव्हा ‘तिकडे सिॲटलमध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस’ असे उत्तर आले. ते मला लागले. तरीही प्रश्न मागे घ्यावासा वाटत नाही.

मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे नऊ महिनेही पुरते होण्याआधी, कोसळला. नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधीच पत्राने कळवले होते. नव्या पुतळ्याच्या निविदेत शंभर वर्षे टिकण्याची हमी आणि दहा वर्षांची देखभाल या अटी आल्या, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आमच्या गटावर त्या अटींचे नावही निघत नाही. तिथे पोचला तो नव्या पुतळ्याच्या उंचीचा 60 फूट हा आकडा.

इथे सिॲटलमध्ये 1973 च्या वटहुकमाने शहराच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी राखून ठेवला आणि निवडीचे काम कलावंत व रहिवासी यांच्या समितीकडे दिले. सेंट्रल डिस्ट्रिक्टमधल्या एका कलाकेंद्रालगतच्या बागेसाठी अशा समितीवर रहिवासी म्हणून मी बसलो आहे. उंचीचा विषय तिथे पाच मिनिटांत संपला. झाडांची मुळे चौथरा उचलतील का, मुले वर चढली तर काय, पाणी कुठे साचेल, यावर मात्र तासन् तास बोलणे झाले. ब्राँझ आणि साधे पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले की पोलाद झपाट्याने गंजते, म्हणून सांध्यांत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, एवढ्या एका मुद्द्यावर एक अख्खी बैठक गेली. शहरातली जुनी ब्राँझशिल्पे सौम्य साबणाने धुऊन, गॅसच्या ज्योतीने पृष्ठभाग जरा तापवून, त्यावर ब्रशने मेण लावतात आणि ते निवले की फडक्याने घासून काढतात. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात याची गरज किती पटींनी अधिक असेल!

अमेरिकेतही चुका झाल्या, हे गटावर मला ऐकवले गेलेच. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात 1981 मध्ये शिल्पकार रिचर्ड सेराची 120 फूट लांब पोलादी भिंत शिल्प म्हणून उभी राहिली, तिथे रोज ये-जा करणाऱ्यांनी तक्रारी केल्या, 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि 1989 मध्ये ती काढली गेली. माझा मुद्दा यातून बळकटच होतो: रोज त्या वाटेने जाणाऱ्यांना आधी विचारायला हवे होते.

तरी एक गोष्ट मी गटावर लिहिलेली नाही. त्या समितीत एकदा, या जागेने काय आठवणीत ठेवावे, असे सगळ्यांना विचारले गेले. त्या वस्तीत आयुष्य काढलेली कृष्णवर्णीय मंडळी घरे, चर्च, बंद पडलेली दुकाने यांची नावे घेत होती. माझ्याजवळ त्या जागेची एकही आठवण नव्हती. मी बोल्टांवर अधिकाराने बोलू शकत होतो, त्याचे एक कारण हेही असावे. सिॲटलच्या वॉलंटिअर पार्कमधला शिल्पकार इसामू नोगुचीचा 1969 चा ‘ब्लॅक सन’, काळ्या ग्रॅनाइटचे ते प्रचंड कडे, मी प्रत्येक पाहुण्याला हौसेने दाखवतो, आणि तिथून घरी येताना मला अलिबागजवळचे सासवणे आठवते. तिथल्या देवळाच्या भिंतीवर एका मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले, ते पाहून जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी त्याला जे. जे. मध्ये शिकायला पाठवले, आणि त्याच विनायकराव करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी पुण्यात 1928 पासून उभा आहे. तो किती फुटी आहे, हे मी आजवर कोणाला विचारताना ऐकलेले नाही. हे सगळे आपल्याच मातीत झाले आहे. म्हणून ‘तिकडचे शिकवू नकोस’ हे शब्द मला जास्त बोचतात. मला आठवण करून द्यायची आहे ती इकडचीच.

शिल्पासाठी बाहेरगावच्या मंडळींनी वर्गणी द्यावी, असे आता गटावर सुचवले गेले आहे आणि देणगीदारांची नावे चौथऱ्यावर कोरणार आहेत. मी वर्गणी देईन. ती देखभालीच्या कायम ठेवीत टाकावी, नाव कोरू नये आणि समितीत नाट्यगृहाचा रखवालदार व चित्रकलेचे शिक्षक यांना घ्यावे, एवढे मी लिहून कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.