हरण्याला कारण असते: ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’विषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

वसाहत उभारण्याचे अवघड, छळवादी कॉम्प्युटर गेम प्रत्यक्षात कोणालाच आवडत नाहीत; त्यांत शंभरेक तास घातल्यावर ते वाया गेले हे कबूल करायला जड जाते, म्हणून लोक ते आवडल्याचे सांगतात, असे ठासून म्हणणारा एक लांबलचक मजकूर गेल्या काही आठवड्यांत माझ्याकडे चार वेळा येऊन गेला. चौथ्यांदा तो नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, जिथे एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांपलीकडे विषय जात नाही, तेव्हा मात्र उत्तर लिहायला बसलो. मजकुरात उदाहरण म्हणून ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ घेतलेला आहे आणि तोच गेम मी दोन वर्षे खेळतो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच गेमपुरते देतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की सात बुटके एक गाडाभर सामान घेऊन डोंगराच्या पायथ्याशी येतात आणि आपण त्यांच्याकडून डोंगर पोखरून त्यात वस्ती उभारून घ्यायची असते. बुटक्यांना थेट हलवता येत नाही. इथे खणा, तिथे शेत करा, हे कोठार धान्याचे, अशा खुणा करायच्या आणि कोण कधी ते काम करील हे त्यांच्यावर सोडायचे. प्रत्येकाला स्वभाव, आवडीनिवडी, आठवणी आणि दुःखे असतात. सुरुवातीच्या बहुतेक वस्त्या वर्ष-दोन वर्षांत मरतात.

मजकुराचा पहिला मुद्दा असा, की या गेमला चित्रेच नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरे आणि चिन्हे दिसतात. हे २०२२ पर्यंत खरे होते. ६ डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या विकतच्या आवृत्तीत चित्रे आहेत, माऊस चालतो आणि सुरुवातीचे धडेही आहेत. अक्षरांची जुनी आवृत्ती आजही फुकट मिळते, पण ती कोणी कोणाच्या गळ्यात बांधत नाही. शिवाय अक्षरांतून जग दिसत नाही, हेही तितकेसे खरे नाही. ज्याने पंचांग कधी उघडले नाही त्याला त्यात आकड्यांच्या रांगाच दिसतात, आणि आमच्या पंचवटीतल्या आत्याला त्याच रांगांत पुढच्या महिन्यातली एकादशी दिसते.

दुसरा मुद्दा असा, की हा गेम इंजिनिअर लोकांसाठी आहे आणि सुरुवात करण्याआधीच दिवसच्या दिवस व्हिडिओ पाहावे लागतात. मी वाणिज्य शाखेचा, सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. व्हिडिओ मीही पाहिले आणि ते पाहणे हीच माझी पहिली चूक होती, कारण त्यांत दाखवतात ते दहा वर्षे खेळलेल्या माणसाचे किल्ले: लाव्ह्यावर चालणाऱ्या भट्ट्या, रुळांवरच्या गाड्या, पंपांचे मनोरे. ते पाहून खेळायला बसणे म्हणजे कुकर लावता येत नसताना लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक अंगावर घेणे. पहिल्या वर्षासाठी लागते ते फार थोडे आहे. उतारावर बोगदा खणायचा, आत मातीच्या थरात एक लहानसे शेत करायचे, त्यात अळंबी लावायची, एक कोठार, एक दारूभट्टी, प्रत्येकाला खाट, आणि तोंडाशी बंद करता येईल असे दार. सैन्य, इस्पितळ, न्यायदान, लाव्हा यांच्या खिडक्या उघडायच्याच नाहीत. गेम कोणत्याही क्षणी थांबवता येतो आणि थांबलेल्या अवस्थेत हवा तितका वेळ विचार करता येतो, हे त्या मजकुरात कुठेच आलेले नाही. बोटांच्या चपळाईचा येथे काडीचाही संबंध नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत चुकलेला आहे. हार येथे अचानक आणि अकारण येते, म्हणून शिकण्यासारखे काही उरतच नाही, असे मजकूर म्हणतो. माझ्या पहिल्या तीन वस्त्या कशा मेल्या ते सांगतो, म्हणजे ‘अकारण’ या शब्दात किती तथ्य आहे ते दिसेल.

पहिली वस्ती दारूवाचून ढेपाळली. या गेममधल्या बुटक्यांना तहान भागवायला पाणी चालते, पण दारू मिळाली नाही की त्यांची कामे मंदावतात आणि मने कडवट होतात. माझ्याकडे अळंबी भरपूर होती, भट्टी होती, भट्टीवर माणूस होता, आणि तरीही दारू गाळली जात नव्हती. तीन संध्याकाळी मी हे गेमचे खूळ समजत होतो. चौथ्या दिवशी सूचना नीट वाचली, तर भट्टीला रिकामे पिंप हवे होते. मग पिंपे गेली कुठे ते शोधायला कोठारावर गेलो, आणि एकेक पिंप उघडून पाहतो तर प्रत्येकात अळंबीच. बुटक्यांनी धान्य नीटनेटके राहावे म्हणून ते पिंपांत भरून ठेवले होते. म्हणजे पीक जितके चांगले, तितकी दारूची टंचाई. कोठाराला पिंपे किती द्यायची याची मर्यादा घालता येते आणि कारागिराकडून दगडाची मडकी करून घेतली तर तीही भट्टीला चालतात. हे उमगले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, वस्ती वाचण्याच्या पलीकडे गेली होती आणि मी खुर्चीत बसून एकटाच हसत होतो. हा गेम मला आवडायला लागला तो त्या मिनिटाला.

दुसरी वस्ती बियाण्यावाचून गेली. त्या रविवारी निफाड तालुक्यातले मामा मुक्कामाला होते आणि चहाचा कप हातात घेऊन माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. शेत रिकामे का, असे त्यांनी विचारले. बी संपले, मी म्हणालो. पीक तर आले होते ना, मग बी कुठे गेले? मी तपासले. स्वयंपाकघरातले बुटके सगळी अळंबी शिजवत होते, आणि या गेममध्ये अळंबी कच्ची खाल्ली किंवा तिची दारू गाळली तर बी परत मिळते, शिजवली तर मिळत नाही. “अरे, उळ्यासाठी राखलेला कांदाच फोडणीला टाकलास, मग पेरशील काय?” मामा म्हणाले (उळे म्हणजे कांद्याचे बी) आणि बातम्या पाहायला निघून गेले. गेमचा एकही नियम माहीत नसलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात माझ्या हरण्याचे कारण सांगितले, ते केवळ कारण खरे होते म्हणून.

तिसरी बुडाली. मी वस्तीच्या मधोमध विहीर खणून नदीपासून तिच्यापर्यंत भुयारी पाट आणला. गेममध्ये प्रत्येक चौकोनातले पाणी एक ते सात अशा पातळीत मोजले जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या पुतळ्याच्या गुडघ्याला लागले की छातीला, असे आपण विचारतो, तशीच ही मोजणी. नदी वर होती, विहिरीचे तोंड खाली होते, आणि भुयारातून दाबाने आलेले पाणी आपली पातळी गाठायला विहिरीतून उसळून वर आले. झोपायच्या खोल्यांत दोन, मग चार, मग सात. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला पाणी खालच्या बाजूला पसरते हे वेगळे सांगावे लागू नये, तरी मला ते तेव्हाच कळले. पाटाला एके ठिकाणी तिरके, कोपऱ्याला कोपरा लागेल असे वळण दिले की दाब तुटतो, आणि अलीकडे तरफेवर चालणारे पूरदार ठेवले की पाणी हवे तेव्हा अडवता येते. चौथ्या वस्तीत मी दोन्ही केले आणि विहीर काठोकाठ भरून थांबली.

येथे हार अकारण असती, तर हे काहीच शिकता आले नसते. या गेमच्या चुकासुद्धा साखळीने चालतात. २०१५ च्या अखेरीस गेममध्ये गुत्ते आले आणि त्यानंतर लोकांच्या वस्त्यांत मांजरी पटापट मरू लागल्या. शोध घेतल्यावर कळले, की गुत्त्याच्या फरशीवर सांडलेली दारू मांजरींच्या पंजांना लागत होती, मांजरी पंजे चाटून स्वच्छ करत होत्या, आणि एका चाटण्यात पेलाभर दारू पोटात गेल्याचा हिशेब गेम करत होता. हिशेब चुकीचा होता, पण सांडण्यापासून मरणापर्यंतचा प्रत्येक दुवा शोधता येत होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कधी कधी पहिल्याच वर्षी, पौर्णिमेला पशू होणारा एखादा जीव दारात येऊन उभा राहतो आणि सात-दहा जणांच्या वस्तीकडे त्याच्यावर इलाज नसतो. ते नशीबच. परंतु माझ्या आजवर मेलेल्या अकरा वस्त्यांपैकी अशी एक गेली, बाकीच्या दहा माझ्या हाताने गेल्या.

चौथा मुद्दा असा, की गेमला शेवट नाही, जिंकताच येत नाही, म्हणून खेळण्याला अर्थ नाही. माहिती बरोबर, निष्कर्ष चुकीचा. जिंकण्याची ठरलेली रेषा येथे नाही, आणि ‘हरण्यात मजा आहे’ हे तर या गेमचे जुने घोषवाक्यच आहे. मात्र हरलेली वस्ती पुसली जात नाही. तीच दुनिया पुढे चालते, त्याच दुनियेत नवी वस्ती उभारता येते, जुन्या ओसाड किल्ल्यावर पुन्हा ताबाही मिळवता येतो, आणि कोरीवकाम करणारे बुटके भिंतींवर कधीकधी मागे घडलेले प्रसंग कोरतात. बुडालेल्या वस्तीत मी परत गेलो तेव्हा काय सापडले ते लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

पाचवा मुद्दा, बड्या कंपन्या तरुणांना अडकवण्यासाठी असे गेम काढतात, हा सरळसरळ खोटा आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी २००२ मध्ये काम सुरू केले आणि २००६ मध्ये पहिली आवृत्ती फुकट दिली. टार्न गणितातली पीएच.डी. मिळवून विद्यापीठात लागला होता, ते सोडून तो पूर्णवेळ याच कामाला बसला, आणि पुढची बरीच वर्षे दोघे भाऊ खेळणाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांवर राहिले. विकतची आवृत्ती काढण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला, तो घरातल्या आजारपणानंतर उपचारांच्या खर्चाची धास्ती बसल्यामुळे. गेममध्ये जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचे नसते, रोज हजेरी लावल्याचे बक्षीस नसते; महिनाभर उघडला नाही तर तो हाकही मारत नाही. रात्री मात्र खातो, हे खरे. आमच्या घरात त्यावरून झालेले बोलणे मी येथे उतरवून काढत नाही.

आता मूळ आरोप, की आवड म्हणजे वाया गेलेल्या वेळाचे समर्थन. ही मानवी खोड खोटी नाही. माणसे बिघडलेल्या गाडीवर खर्च करतच राहतात, पडलेल्या भावाचा माल धरून बसतात. पण ती खोड येथे लागू करायची, तर जितके तास अधिक तितकी आवड अधिक असे दिसायला हवे, आणि अगदी सुरुवातीला, काहीच गुंतलेले नसताना, आवड दिसता कामा नये. मला हा गेम आवडला तो पिंपांच्या त्या रात्री, तेव्हा माझे मोजून पंधरा-सोळा तास झाले होते. त्याउलट शहरबांधणीच्या दुसऱ्या एका गेमवर मी पैसे देऊन ऐंशीच्या वर तास घालवले आणि एके दिवशी तो काढून टाकला, कारण ऐंशी तासांनंतरही माझे शहर का चालते आणि का बंद पडते हे मला सांगता येत नव्हते. तेथे समर्थन करायला मला पुष्कळ वाव होता, पैसे गेले होते, वेळ गेला होता, मित्रांना शिफारसही करून झाली होती.

आणखी एक. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ सोळा वर्षे फुकट मिळत होता. विकतची आवृत्ती आली त्या पहिल्याच महिन्यात तिच्या साडेचार लाखांहून अधिक प्रती गेल्या, आणि घेणाऱ्यांत फुकटची आवृत्ती वर्षानुवर्षे खेळलेले पुष्कळ होते. विक्रीचा आकडा हा आनंदाचा पुरावा नव्हे, हे हिशेबनीस म्हणून मला कळते. पण ज्यांना स्वतःची फसवणूक फुकट चालू ठेवता येत होती, त्यांनी तिच्यासाठी पैसे का मोजावेत, याचे उत्तर मजकूर लिहिणाऱ्याने द्यायला हवे.

शेवटी, त्या मजकुरातले एक वाक्य मी जसेच्या तसे मान्य करतो: सैन्याची खिडकी वाईट आहे. पथक नेमा, गणवेश ठरवा, सरावाचे महिने लावा, शस्त्रे कोणाला पोचली ते शोधा, आणि एवढे करून शिपाई ऐन वेळी अंगावर चिलखत नसताना जेवायला गेलेला असतो. मी दोनदा शिकायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. माझी सध्याची वस्ती सहाव्या वर्षात आहे, तिच्यात नव्वदच्या वर बुटके आहेत, दगडी मडक्यांत दारू आहे, कोठारात बी राखलेले आहे, आणि गोब्लिनांची, म्हणजे गेममधल्या शत्रूंची, टोळी दिसली की मी अजूनही तरफ ओढून खंदकावरचा पूल उचलून घेतो आणि ते जाईपर्यंत आत बसून राहतो.