बालेवाडीच्या चॅलेंजरला ‘फालतू’ म्हणण्याआधी

पुण्यात बालेवाडीला होणारी टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी 250, म्हणजे पुरुष टेनिसच्या मुख्य टूरवरची स्पर्धा, 2023 नंतर भारतातून गेली आणि पुण्यात उरली ती चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालची स्पर्धा. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: ‘खरं टेनिस गेलं, उरली ती फालतू चॅलेंजर. टूरवर न टिकलेले तिथे येतात, आपल्या पोरांना वाइल्ड कार्डवर फुकट पॉइंट मिळतात, बक्षिसं लाखांत, आणि बघण्यासारखं काहीच नसतं.’ 250 गेल्याची हळहळ मलाही आहे. पण यातलं एकही विधान खरं नाही.

‘टूरवर न टिकलेले.’ ज्या टाटा ओपनच्या आठवणीने गळा काढला जातो, तिचीच शेवटची फायनल आठवा. जानेवारी 2023, टालोन ग्रीकस्पूर विरुद्ध बेंजामिन बोंझी. ग्रीकस्पूरने 2021 च्या एका मोसमात आठ चॅलेंजर जिंकून विक्रम केला होता, बोंझीने त्याच वर्षी सहा. म्हणजे बालेवाडीच्या सेंटर कोर्टवर त्या दिवशी नेटच्या दोन्ही बाजूंना चॅलेंजरवर घडलेलेच खेळाडू उभे होते. पहिला सेट बोंझीने घेतला, पुढचे दोन 7-5, 6-3 असे ग्रीकस्पूरने. त्याचं ते पहिलं एटीपी विजेतेपद.

पुढे जगात एक नंबर झालेल्या सिनरने 2019 मध्ये बेर्गामोची आणि अल्काराझने 2020 मध्ये त्रिएस्तेची चॅलेंजर जिंकली, तेव्हा दोघेही सतरा वर्षांचे होते. आणि ही वाट फक्त नवख्यांची नाही. 2025 मध्ये रँकिंग घसरलेला अलेक्झांडर बुब्लिक मार्चमध्ये फिनिक्सच्या चॅलेंजरला उतरला आणि फायनलमध्ये ब्राझीलच्या तरुण फोन्सेकाकडून हरला. मेमध्ये त्याने तुरिनची चॅलेंजर जिंकली. त्यानंतर लगेच फ्रेंच ओपनची क्वार्टर फायनल गाठली आणि जूनमध्ये जर्मनीतल्या हालेच्या टूर स्पर्धेत सिनरला हरवून ती स्पर्धाही जिंकली. अँडी मरेसारखा तीन ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस 2023 मध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसची चॅलेंजर खेळला, जिंकला. त्याला तिथे खेळण्यात कमीपणा वाटला नाही.

‘फुकट पॉइंट.’ हे तर निव्वळ अज्ञान. वाइल्ड कार्ड म्हणजे रँकिंग पुरेसं नसतानाही आयोजकांनी दिलेला प्रवेश. त्याने ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या सामन्यांच्या यादीत, जागा मिळते, रँकिंगचे पॉइंट नाही. चॅलेंजरमध्ये पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. पुण्याच्या चॅलेंजर 100 मध्ये एक मॅच जिंकल्यावर सात, क्वार्टर फायनलला चौदा, आणि आठवडाभरात पाचही मॅच जिंकल्या तरच शंभर. याउलट ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही दहा मिळतात. शिवाय कमावलेले पॉइंट 52 आठवड्यांनी गळून पडतात, पुन्हा पहिल्यापासून कमवायचे. सुमीत नागल फेब्रुवारी 2024 मध्ये चेन्नईची चॅलेंजर जिंकून जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आला. तो कुणाच्या मेहरबानीने आला नव्हता.

‘बक्षिसं लाखांत.’ ऐकायला मोठी वाटते ती स्पर्धेची एकूण रक्कम. ती सिंगल्स-डबल्सच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते, त्यावर कर कापला जातो. विमानाचं तिकीट, कोचचा पगार, फिजिओ हे सगळं खेळाडूच्या खिशातून. याच नागलने 2023 च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं की बँकेत 900 युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एक नंबरचा सिंगल्स खेळाडू होता! वर्षभर टूरवर राहायला ऐंशी लाख ते एक कोटी लागतात, असंही तो म्हणाला होता. हा हिशेब मांडल्यावर तरी खेळाडूंच्या कमाईवर बोलताना जरा जपून बोलावं.

राहिलं ‘बघण्यासारखं काही नाही’. फेब्रुवारी 2024 मध्ये बालेवाडीत चॅलेंजर जिंकला तो मोनॅकोचा व्हॅलेंटीन वाशरो. ऑक्टोबर 2025 मध्ये शांघाय मास्टर्सला, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या ‘मास्टर्स 1000’ दर्जाच्या स्पर्धेला, तो जगात 204 व्या क्रमांकावर होता. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीतसुद्धा त्याचं नाव आधी राखीव यादीत होतं. तिथून तो मुख्य ड्रॉमध्ये आला, सेमीफायनलला जोकोविचला हरवलं आणि फायनलला नात्याने भाऊ लागणाऱ्या आर्थर रिंडरक्नेशला. मास्टर्स 1000 स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकावरून आजवर कुणीच जिंकली नव्हती. वीस महिन्यांपूर्वी हाच माणूस बालेवाडीत आठवडाभर खेळत होता, आणि ज्याला बघायचं होतं त्याला तो अगदी जवळून बघता येत होता.